खाली न वळणारी नजर

"देव उजवो देता, डावो देता, मी मधी बसान बघतंय, इतकाच माझा काम," असं कृष्णनाथ गुरव एकदा म्हणाला होता. त्या वेळी त्याची जीभ धड होती, आणि देवळाच्या चौकात बसलेली माणसं ते ऐकून हसली होती. कुणीतरी म्हणालं, बघूकच तर खरी अक्कल लागता.  कृष्णनाथने हातातलं फुलांचं सूप जमिनीवर ठेवलं आणि धोतराचा सोगा खोचला.

मोप्याच्या सड्याखाली, ज्या पठारावर आता विमानतळ आहे, पेडण्याच्या हद्दीत, हा गाव. गावाच्या वेशीवर राष्ट्रोळी या गावदेवाचं देऊळ. आत मूर्ती नाही, गुडघाभर उंचीचा काळा पाषाण आहे, आणि तोही दोन पायऱ्या खाली, जमिनीच्या पोटात रुतल्यासारखा. गुरवांची तीन घरं पाळीपाळीने त्याची सेवा करत. त्यातलं एक घर फोंड्याला गेलं, दुसऱ्याने म्हापशात दुकान टाकलं, आणि तिन्ही घरांची पाळी कृष्णनाथच्या अंगावर येऊन पडली. सत्तावीस वर्षं तो ती वाहत होता.

कौल घ्यायला माणसं सोमवारी येत. गावकर बाबली हात जोडून गाऱ्हाणं घाली. कृष्णनाथ पाषाणासमोर बसून तांबड्या पिटकोळीचे दोन कळे पाण्यात बुडवी, एक पाषाणाच्या उजव्या अंगाला चिकटवी, दुसरा डाव्या. मग सगळे गप्प. पाणी सुकत जातं, कळा सुटत जातो. उजवा आधी पडला तर देवाचं होय, डावा पडला तर नाही. वरच्या चौकात उभ्या असलेल्यांना पाषाणाचा माथा तेवढा दिसतो. काय पडलं ते फक्त गुरव बघतो, आणि तोंडाने एकच शब्द सांगतो. त्या एका शब्दावर लोकांनी विहिरी खणल्या, सोयरिकी मोडल्या, परदेशी गेलेल्या मुलांना परत बोलावलं. एक नियम मात्र पक्का होता. कळा लावला की कौल संपेपर्यंत पाषाणाला हात लावायचा नाही.

त्याची बायको भाग्यलक्ष्मी डिचोलीकडची. विसाव्या वर्षी या घरात आली आणि समईच्या तेलाचं काम तिच्याकडे आलं. कौल चालू असताना ती गाभाऱ्याच्या दारात पितळेचं तेलाचं भांडं आणि पळी घेऊन उभी राही. एवढ्या वर्षांत कळ्यांकडे बघायची तिला कधी गरज वाटली नाही. ती नवऱ्याच्या पाठीकडे बघे. पाठ कधी वाकते, मान कधी खाली जाते, यावरून तिला कळायचं की देवाने काहीतरी सांगितलं.

पहिल्यांदा तो पडला तो मागे पडला. विहिरीवरून कळशी घेऊन येत होता. पाय अडखळला नाही, जमीन ओली नव्हती. उभी फळी कुणीतरी ढकलावी तसा तो आडवा झाला आणि आभाळाकडे बघत राहिला. हात टेकायचंसुद्धा त्याला सुचलं नाही. भाग्यलक्ष्मी धावत गेली. "काय झाला?" त्याने विचार केला. "काय नाय," म्हणाला. "पडलंय."

मग त्याच्या शर्टावर कढीचे डाग पडू लागले. ताटातला भात ताटाबाहेर जाई. तिला राग येई, कारण शर्ट तिलाच धुवायचे होते. देवळाच्या पायऱ्या उतरताना तो पाय हवेत धरून चाचपडे, आंधळ्यासारखा, आणि विचारलं तर म्हणे, दिसतं की सगळं. चेहराही बदलला. भुवया वर गेल्या, डोळे मोठे झाले. पापण्या लवायच्या कमी झाल्या. नुकतंच कुणीतरी दचकवलं आहे असा तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत दिसे. हाक मारली तर आधी सगळं अंग वळे, नजर मागाहून येई.

पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीजवळ माणसं जमत, तिथे बाबलीने त्याला गाठलं. "काय रे कृष्णनाथ, सड्यार विमानां येवक लागल्यापासना तुझी मान वरच! आमच्याकडे बघूक आता तिकीट काढूक होया?"

सगळे हसले. कृष्णनाथही हसला, पण जरा उशिरा, आणि मग ते हसू थांबेना. बाकीचे थांबले तरी तो हसतच राहिला. पाठीमागून कुणीतरी हळूच म्हणालं, "घेता तो. गुपचूप घेता."

त्याने जन्मात फेणीला ओठ लावला नव्हता. पोय घ्यायला आलेली भाग्यलक्ष्मी तिथेच उभी होती. "माझ्या घोवाच्या तोंडाचो वास घेवन बघ," ती त्या माणसाला म्हणाली, "आणि मगे तुझ्या बायलेक सांग तुझ्या तोंडाचो घेवक." माणूस गेला. बोलणं राहिलं.

खरं काय ते तिला दीपकच्या कौलाच्या दिवशी कळलं. दीपक गडहिंग्लजकडचा, विमानतळाच्या बांधकामावर आला आणि इथेच राहिला. गावात जमिनीचा एक तुकडा घेऊन घर बांधू का, असं त्याला विचारायचं होतं. गाऱ्हाणं झालं, कळे लागले. समईत तेल घालायला भाग्यलक्ष्मी जरा वाकली आणि तिच्या डोळ्यांसमोर डावा कळा सुटून खाली पडला. तिने नवऱ्याकडे बघितलं. तो ताठ बसला होता. मान थोडी खाली होती, पण डोळे समोरच्या भिंतीवर खिळलेले.

"काय रे, पडलो?" बाबलीने वरून विचारलं.

 "उजवो," कृष्णनाथ म्हणाला.

दीपकने खाली वाकून नमस्कार केला.

घरी आल्यावर तिने पेज वाढली. तो खायला लागला तेव्हा म्हणाली, "डावो पडललो."

"उजवो."

"मी बघितलंय."

त्याचा हात थांबला. "तू बघितलंस?"

"होय."

"मगे बरा," तो म्हणाला. "माका दिसाक नाय." आणि मग, दुसऱ्या कुणाची तक्रार सांगावी तसं: "मान खाली घालतंय. डोळे वरच ऱ्हवतत. मी सांगतंय तेंका, ते आयकनत नाय."

किती दिवसांपासून, ते तिने विचारलं नाही. उत्तर नको होतं तिला. दीपकचं घर नंतर उभं राहिलं, त्याला ना तडा गेला ना आग लागली. याचं काय करावं ते भाग्यलक्ष्मीला कधीच समजलं नाही.

पुढच्या सोमवारच्या आत तिने स्वतःच तोड काढली. उजवा पडला की तेलाच्या भांड्यावर पळीचा एक ठोका. डावा पडला की दोन. समईत तेल घालताना भांडं वाजतंच, कुणाचं लक्ष जायचं कारण नव्हतं. हे तिने त्याला आधीच सांगून ठेवलं. सोमवारी एक ठोका पडला आणि तो "उजवो" म्हणाला. त्या दिवसापासून राष्ट्रोळीचा कौल भाग्यलक्ष्मी बघत होती. तिने एकदाही खोटा ठोका दिला नाही. जी बाई पोदेराकडे उभी राहून आपल्या घरावर हसली होती तिच्या मुलीच्या लग्नाला उजवा पडला, तर तिने एकच ठोका दिला. पाप असलंच तर तेवढंच, असं ती मनाशी म्हणे.

पण या पापाचं एक पिल्लू निघालं, ते तिला उशिरा दिसलं. म्हापशाच्या एका डॉक्टरने चष्मा बदलला, मग दुसऱ्याने दोन भिंगांचा दिला, ज्यात वाचायची काच खालच्या बाजूला असते. ज्याचे डोळे खाली जात नाहीत त्याला तो कसा चालणार? तिसऱ्या डॉक्टरने हातापायांचा ताठरपणा बघितला, बोलणं जड झालेलं ऐकलं आणि पार्किन्सनच्या गोळ्या लिहून दिल्या. प्रत्येकाने विचारलं, आणखी काही त्रास? प्रत्येक वेळी कृष्णनाथने तिच्याकडे बघितलं आणि ती म्हणाली, नाही, आणखी काही नाही. खाली दिसत नाही हे कागदावर चढलं तर उद्या ते गावभर होणार. आजवरचे सगळे कौल लोक उकरून काढणार. पाळी जाणार. आणि पाळी गेल्यावर हा माणूस सकाळी उठून करणार काय? दीड वर्ष त्याने त्या गोळ्या घेतल्या. काही फरक पडला नाही. पडणं मात्र वाढत गेलं. दोनदा डोक्याला टाके पडले.

शेवटी मुलगी गौरवी साखळीहून आली. ती तिथे शाळेत शिकवते आणि शाळेतल्यासारखीच घरात बोलते. "पप्पा, कपडे घाला. आई, कागद सगळे घे. आज बांबोळी."

बांबोळीच्या सरकारी इस्पितळातली डॉक्टरीण वयाने गौरवीएवढीच. तिने कृष्णनाथच्या समोर पेन धरलं. "मान हलवायची नाही, नुसत्या डोळ्यांनी बघायचं." पेन डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, डोळे रखडत गेले. पेन खाली गेलं. डोळे जिथल्या तिथे. तिने पुन्हा केलं. मग ती उठली, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "माझ्याकडेच बघत राहा." तिने डोकं हळूहळू मागे कलतं केलं, आणि भाग्यलक्ष्मीच्या देखत त्याची बुबुळं आपोआप खाली सरकली. दोन वर्षांत तिने ती खाली गेलेली बघितली नव्हती. तिच्या तोंडून काहीतरी आवाज निघाला.

"डोळे चांगले आहेत," डॉक्टरीण म्हणाली. "डोळ्यांना खाली बघायचा हुकूम जिथून जातो, ती मेंदूतली जागा सुकत चालली आहे. तोल सांभाळायची जागा तिथेच जवळ. पुढे बोलणं, गिळणं." तिने नाव सांगितलं: प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी. लांबलचक नाव, मग आखूड करून पीएसपी. दुपारी एमआरआय झाल्यावर त्याचा फोटो दिव्यासमोर धरून तिने बोट फिरवलं. मधला भाग झिजला की कडेने बघताना तिथे एक बारीक, लांब चोचीचा पक्षी दिसतो. शिंजिरासारखा. "दिसला?"

"पक्षी," कृष्णनाथ म्हणाला. त्याला तो दिसला होता, कारण फोटो उंच धरला होता.

"हे खाली न दिसणं कधीपासून?" डॉक्टरणीने विचारलं.

"दोन वर्सां," भाग्यलक्ष्मी म्हणाली.

गौरवीने मान वळवून आईकडे बघितलं. तिचं बघणं भाग्यलक्ष्मीच्या गालावर बराच वेळ राहिलं. डॉक्टरीण लिहीत होती.

"मी आधी सांगितलं असतं तर?"

"नाव आधी मिळालं असतं."

"आणि औषध?"

"औषध नाही, मावशी. आजही नाही." तिने पेन बंद केलं. "सांभाळायचं, एवढंच आहे. ते मात्र पुष्कळ आहे."

परतीच्या गाडीत भाग्यलक्ष्मीला वाटत होतं, निदान दोष तरी आपला निघायला हवा होता. आपल्या गप्प बसण्याने नवऱ्याचा आजार वाढला असता तर देवापुढे नाक घासता आलं असतं. तेही मिळालं नाही. सांगून काही वाचलं नसतं, लपवून काही बिघडलं नव्हतं. असं मोकळं सुटणं तिला कोंडून टाकल्यासारखं वाटलं.

मग सांभाळणं सुरू झालं. ताट उपड्या डब्यावर, छातीच्या उंचीला. हनुवटी गळ्याशी टेकवून गिळायचं, खाताना बोलायचं नाही. पातळ पाणी घातक, ते श्वासात जातं. पाण्यात मिसळून ते दाट करायची एक पावडर मिळाली, आणि पेज घोटून इतकी दाट करायची की कुलेर, म्हणजे चमचा, उलटी केली तरी घास सुटू नये. घरातले ठेंगणे पाट उचलले. उंबऱ्यांना लाल पट्ट्या लावल्या, ज्या त्याला दिसत नव्हत्याच. त्या तिच्यासाठी होत्या. जागच्या जागी वळायचं नाही, गाडी वळवावी तसा मोठा फेरा घ्यायचा. ढकलायचा वॉकर आला, त्याला खाली वाळूच्या पिशव्या बांधल्या. देवळात तो वॉकर न्यायला कृष्णनाथने साफ नकार दिला. तेव्हा ती मागून चाले, एक हात त्याच्या कमरेच्या पट्ट्यात अडकवून. लोकांना वाटे, उतारवयात प्रेम आलं आहे.

बाबली एकदा घरी येऊन बसला. या वेळी चेष्टा नव्हती. "वैनी, दुसरो गुरव बघूया काय?"

"बघ खंय गावता तर," ती म्हणाली. दुसरा गुरव मिळणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.

भाद्रपदात ती पाठमोरी असताना तो तांब्याने साधं पाणी प्याला. तहान लागली होती, दुसरं काही नाही. तिसऱ्या दिवशी ताप चढला, छातीत न्यूमोनिया झाला, दहा दिवस बांबोळीला. सोडताना डॉक्टरणीने तिघांना समोर बसवलं. पोटातून थेट नळी घालता येईल. त्यातून अन्न जाईल. आजार थांबणार नाही आणि लाळ श्वासात जायची ती जाईलच; पण अंगात बळ राहील, काही महिने कदाचित सोपे जातील. नाही घातली तर असा ताप पुन्हा येईल. "त्यांना अजून सगळं समजतं," ती म्हणाली. "त्यांनीच ठरवायचं. पुढच्या तारखेला सांगा."

भाग्यलक्ष्मीला नळी हवी होती. महिने हवे होते, कसलेही. घरी आल्यावर तिने विचारलं, गौरवीने विचारलं, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा त्याने जीभ गोळा केली. एक शब्द बाहेर यायला आता तेवढा वेळ लागे.

"कौल."

"पप्पा!" गौरवी ओरडली. "ह्यो हॉस्पिटलाचो प्रश्न. देवाक काय कळता नळी म्हणजे काय?"

तो तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत राहिला. गौरवीने आईकडे बघितलं, आईने साथ द्यावी म्हणून. पण भाग्यलक्ष्मी म्हणाली, "घेवया कौल. येत्या सोमवारी." आणि स्वयंपाकघरात गेली. तिथे ती ओट्याला धरून उभी राहिली. सोमवारी पळी तिच्या हातात असणार होती.

सोमवारी बाबलीने हरकत घेतली. "आपलो कौल आपणच लावचो? असा खंय नाय."

कृष्णनाथने एक बोट वर केलं. दुसरं कोण आहे, असा त्याचा अर्थ होता. बाबलीने इकडेतिकडे बघितलं आणि हात जोडले. "बा देवा राष्ट्रोळी म्हाराजा, तुझो सेवेकरी आज तुझ्या पायाकडे इलो हा. डाक्टर पोटात नळी घालूया म्हणता. ती घालूची तर उजवो दी, नको तर डावो दी. चुकला माकला पदरात घे, म्हाराजा."

भाग्यलक्ष्मीने त्याला धरून दोन पायऱ्या उतरवलं, बसवलं आणि दारात येऊन उभी राहिली. कळे त्याने चाचपडत लावले. हातांना डोळ्यांची गरज नव्हती, सत्तावीस वर्षांची सवय होती. मग त्याने हात मांडीवर ठेवले. वरच्या चौकात गौरवी भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून.

वेळ गेला. सड्यावरून एक विमान उठलं, देऊळभर त्याची घरघर भरली आणि ओसरली. भाग्यलक्ष्मी उजव्या कळ्याकडे बघत होती. तो ओला होता, घट्ट होता. तिने मनात त्याला शिव्या घातल्या, हात जोडले, पुन्हा शिव्या घातल्या.

डावा पडला. काही आवाज न करता, पिकलं पान गळावं तसा.

तिने समईत तेल घातलं. पळी भांड्यावर एकदा वाजवली.

मग तिने हात थांबवला. भांडं गरम असल्यासारखा तिच्या बोटांना चटका बसत होता. कृष्णनाथ हलला नाही.

"काय पडला?" बाबलीने विचारलं.

 कृष्णनाथ पुढे वाकला. त्याचा उजवा हात मांडीवरून उठला आणि पाषाणावर टेकला. बाबलीच्या तोंडून "अरे!" निघालं. कौल चालू असताना पाषाणाला हात लावलेला त्याने कधी बघितला नव्हता. भाग्यलक्ष्मीनेही नाही. कृष्णनाथचं बोट पाषाणाच्या उजव्या अंगावरून सावकाश खाली गेलं आणि मधेच थांबलं. तिथे कळा होता. बोटाने तो दाबून बघितला. मग बोट डावीकडे गेलं, वरपासून खालपर्यंत, दोनदा. तिथे नुसता ओला दगड होता.

एवढे सोमवार त्याला हे करता आलं असतं. त्याने केलं नव्हतं. ठोका पडला की तो शब्द सांगत असे. हे आता तिच्या लक्षात आलं, आणि तेलाचं भांडं तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरलं.

"वैनी, काय ता? कृष्णनाथा? देवान काय दिल्यान?"

कृष्णनाथने दोन्ही तळवे जमिनीवर टेकले आणि उठायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा तो परत बसला. ती पुढे झाली, सवयीने तिचा हात त्याच्या कमरेच्या पट्ट्याकडे गेला. त्याने तो हात मनगटाशी धरला, झिडकारला नाही, फक्त बाजूला नेऊन सोडला, भांडं उचलून जागेवर ठेवावं तसा. दुसऱ्यांदा तो उभा राहिला. वळायला त्याने मोठा फेरा घेतला, डॉक्टरणीने शिकवला होता तसा, आणि वळताना त्याचा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोरून गेला. डोळे मोठे, उघडे, भुवया वर. त्यात राग होता की माफी, ते वाचायची सोय त्या आजाराने ठेवली नव्हती. तो कुणाकडेही असाच बघे.

तो दोन पायऱ्या चढला. चढणं त्याला जमत होतं. चौकात बाबली बाजूला सरकला. गौरवी "पप्पा" म्हणत पुढे आली आणि त्याच्या चालण्यात काहीतरी बघून जागीच राहिली. कुणी त्याला धरलं नाही. उंबऱ्यापाशी त्याने पाय नको इतका उंच उचलला, क्षणभर मागे कलला. मग पाय पलीकडे पडला, दुसरा त्याच्यामागून गेला, आणि एक शब्दही न बोलता कृष्णनाथ बाहेर उन्हात निघून गेला.